आज डोकं धुवायचंय

(पडद्यावर: गोदाघाट, बुधवारची सकाळ. ताडपत्रीवर मांडलेले ढीग.)

आज बुधवार, म्हणजे गंगेवर बाजार. नकाशात नदीचं नाव गोदावरी असलं तरी नाशिककराच्या तोंडी ती गंगाच, तेव्हा आपणही तेच म्हणू. भाजीच्या ओळी संपल्या, सुक्या मिरच्यांपाशी दोन शिंका देऊन झाल्या, की एका ताडपत्रीवर हे ढीग दिसतात. चपटी, तपकिरी, बियांच्या जागी फुगलेली शेंग ती शिकेकाई. सुकून सुरकुतलेल्या, हाताला किंचित चिकट लागणाऱ्या गोट्या ते रिठे. काळपट तुकडे आवळकाठीचे. मागे नागरमोथा, गवला कचोरा, संत्र्याच्या वाळक्या साली.

एक शेंग उचलून कानाजवळ हलवते.

(आवाज: बियांचा खुळखुळाट.)

खुळखुळली म्हणजे नीट वाळलीय. मुकी शेंग डब्यात बुरशी धरते. हे विकणाऱ्या मावशींनी सांगितलं आणि त्याच दमात विचारलं, "अख्खी देऊ का दळलेली?"

मी दळलेली घेतली. तिथेच चुकलं. पण ते पुढे येईल.

(पडद्यावर: पंचवटीतला जुना वाडा. मोरीजवळ उभा तांब्याचा बंब.)

हा बंब भांडी बाजारातला. आत्याआजी लग्न होऊन या घरात आली तेव्हाही तो इथेच होता, म्हणे. आत्याआजी म्हणजे माझ्या वडिलांची आत्या. वय ऐंशीच्या पुढे, वेणी अजून कमरेच्या खाली.

केस धुण्याला ती न्हाणं म्हणते. तिच्या माहेरी बहिणी चार आणि न्हाण्याची तयारी सुरू व्हायची वार ठरवण्यापासून. सोमवार नको. भाऊ आहे म्हणून बुधवार नको. शनिवार नको. एकादशी तर नकोच नको. असा एकेक वार गाळत गेलं की हाती रविवार लागायचा, आणि त्या रविवारी घरात दुसरं काहीच व्हायचं नाही.

आदल्या रात्री शेंगा फोडायच्या, बिया काढून टाकायच्या. रिठे ठेचून आतली काळी कुळकुळीत बी बाजूला. ती पोरांना खेळायला, कारण फेस देते ती वरची साल. त्यात आवळकाठी, मूठभर मेथी, आणि सगळं भिजत. सकाळी चुलीवर उकळायचं, निम्म्यावर आणायचं, कोमट झालं की हातानं कुस्करायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. "फडकं पिळताना शेवटी जे दाट येतं ना, तेच खरं," आत्याआजी म्हणते आणि हवेतच पिळून दाखवते.

(पडद्यावर: लोखंडी कढईत उकळतं पाणी. रंग हळूहळू काळा होतो.)

कढई लोखंडाची असेल तर पाणी असं शाईसारखं होतं. ही उपमा म्हणून सांगत नाहीये. आवळ्यात टॅनिन असतं, तुरटपणा त्याचाच. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग धरतात, आणि पूर्वी लिहायची काळी शाई याच जोडीतून करत.

मग न्हाणीघरात पाट, घंगाळात कढत पाणी, आणि पाटामागे आई. एकीचे केस ओले करायचे, काढा मुळाशी जिरवायचा, बोटांनी चोळायचा, तांब्यातांब्यानं पाणी ओतायचं. ती उठली की दुसरी. चौघींचं आटपेपर्यंत बंब दोनदा भरावा लागे.

"आणि डोळे?" मी विचारलं.

"डोळ्यांचं काय विचारतेस! मिटून मिटून कपाळ दुखायचं. धाकटी तर नाव काढलं की माडीवर पळायची."

(पडद्यावर: सराफ बाजार. एका छोट्या पेढीत वाटीतलं फेसाळ पाणी, ब्रश, चांदीचे पैंजण.)

आता या फेसाकडे जरा जवळून बघू. सराफ बाजारातली ही वाटी रिठ्याच्या पाण्याची आहे. कारागीर पैंजण त्यात बुडवतो, मऊ ब्रश फिरवतो, पुन्हा बुडवतो. घामाचा, तेलाचा, मळाचा थर सुटतो आणि चांदीवर ओरखडा उठत नाही. रिठ्याला संस्कृतात अरिष्टक म्हणतात, आपला 'रिठा' त्यातूनच आला. दुसरं नाव फेनिल, म्हणजे चक्क फेसवाला. शिकेकाई हे नाव मात्र कानडी मुलखातून आलंय, सीगेकायी. काय म्हणजे फळ, शेंग.

दोघांच्याही आत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. तेलाच्या थेंबाभोवती असे पुष्कळ रेणू जमले की थेंब पाण्यात सुटा होतो आणि तांब्याभर पाण्यासरशी वाहून जातो. बाटलीतला शाम्पू काय करतो? हेच करतो. त्यातल्या सोडियम लॉरेथ सल्फेटलाही तशीच दोन टोकं असतात. तत्त्व एकच, शाम्पूचा जोर जास्त आणि दर वेळी मोजून तेवढाच. शेंगेचं तसं नसतं. ही शेंग कडक, ती मवाळ.

फेसावरून मात्र काही ठरवू नका. रिठा भरपूर फेसतो, शिकेकाई बेताचीच, आणि बेताच्या फेसानेही तेल निघतं. आपल्याला वाटतं नाही निघालं, म्हणून आपण आणखी ओततो.

आणि 'झाडाचं आहे, काय होणार' असं म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. रिठ्यासारख्या सॅपोनिनवाल्या फळांचा चेचा साचलेल्या पाण्यात टाकून मासे पकडण्याची रीत जुनी आहे. सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवर घाला घालतं, मासे झिंगून वर येतात. तेव्हा धाकटी माडीवर पळायची ते उगाच नव्हे.

(पडद्यावर: येवला. मागावर पैठणी. धोट्याची ये-जा.)

केस धुण्याच्या गोष्टीत येवला कशाला, असं वाटेल. हे रेशीम बघा. रेशीम म्हणजे प्रथिन. केस म्हणजेही प्रथिन, केराटिन. दोघांचंही अल्कलीशी, म्हणजे सोडा-साबणासारख्या द्रव्यांशी, वाकडं. म्हणून तर घरी रेशीम धुवायची वेळ आली की जुन्या बायका कपड्याचा साबण बाजूला ठेवून रिठे भिजत घालत. पैठणी कुणी खाण्याच्या सोड्यात बुडवेल का? मग डोक्याला का लावता? शाम्पू सोडा, सोडा लावा, असा सल्ला हल्ली फोनवर फार फिरतो. डोक्याच्या त्वचेचा सामू, म्हणजे पीएच, साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आम्लाकडे. सोड्याच्या पाण्याचा आठच्या वर. अंगाच्या साबणाचा नऊ-दहा. अशा पाण्यात केस फुगतो, त्याच्यावरचे कौलांसारखे खवले उचकटतात, एकमेकांत अडकतात आणि कंगवा मध्येच थांबतो. वर लिंबू किंवा व्हिनेगर चोळून ते पुन्हा बसवायची धडपड करायची. आधी उचकटा कशाला?

शिवाय केसाला जखम भरून काढता येत नाही. त्वचेबाहेर आलेला केस मेलेला असतो. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. आत्याआजीची वेणी नव्वद सेंटिमीटरची धरली, तर तिचं टोक साडेसात वर्षांचं आहे. साडेसात वर्षांची न्हाणी, उन्हं आणि कंगवे त्या टोकानं सोसलेत.

(पडद्यावर: इंदिरानगर. पाचवा मजला. बाथरूम.)

आता माझी फजिती.

शनिवारी रात्री केसांना खोबरेल चापून घेतलं, कारण लहानपणापासून तसंच पाहिलेलं. रविवारी ती दळलेली शिकेकाई पाण्यात कालवली, पिठल्याइतकी दाट, आणि थापली. दहा मिनिटांत बाथरूमची जाळी तुंबली. एक डोळा लाल. शॉवरच्या धारेनं पूड निघेना, तेल त्याहून निघेना. सोमवारी ऑफिसात शेजारची म्हणाली, "अगं, तुला कोंडा झालाय का? तपकिरी?" मी खांदा झटकला तर शिकेकाई.

आत्याआजी हे ऐकून पोट धरून हसली. मग म्हणाली, "पूड कुणी लावतं का गं? गाळायची असते ती. आणि एवढं तेल? तेल लावलं की दोनदा न्हावं लागतं, नाहीतर आधी बेसन चोळावं."

बेसन सॅपोनिनच्या भरवशावर नसतं. ते तेल शोषून घेतं, पोळीवर सांडलेलं तूप पीठ लावून पुसावं तसं. मुलतानी मातीचंही काम असंच.

दुसऱ्या खेपेला अख्ख्या शेंगा आणल्या. भिजवल्या, उकळल्या, ओढणीच्या तुकड्यातून गाळल्या. तेल फक्त टोकांना. आणि पाणी पालिकेच्या नळाचं, गंगापूर धरणाचं. आमच्या इमारतीत वापराला बोअरचं पाणी आहे, नळाच्या तोंडाशी त्याची पांढरी खपली धरते. त्या क्षारांतलं कॅल्शियम साबणाशी जुळलं की न विरघळणारा चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो. साबणानं डोकं धुवायच्या काळात बोअरच्या गावातले केस चरबट लागायचे ते यामुळे. शाम्पूचा असा साका होत नाही, आणि याचं श्रेय शाम्पूला द्यायलाच हवं. सॅपोनिनचाही होत नाही. तरीही शेवटचे दोन तांबे चांगल्या पाण्याचे घ्यावेत.

निघालं का तेल? निघालं. ओले असताना केस थोडे खरखरीत लागले, कारण बाटलीतल्या शाम्पूत केस गुळगुळीत लागावेत म्हणून सिलिकॉनसारखी द्रव्यं घातलेली असतात, काढ्यात ती नाहीत. वाळल्यावर बरे झाले. खरं सांगायचं तर मैत्रिणीच्या जाहिरातछाप केसांसारखे नाही झाले, पण माझे झाले.

(पडद्यावर: किराणा दुकानाच्या दारात लोंबणाऱ्या पुड्यांच्या माळा.)

शाम्पू हा शब्द इथलाच, 'चंपी'च्या घरातला. पाटण्यात 1759 साली जन्मलेले शेख दीन महंमद इंग्लंडात गेले आणि ब्रायटनला त्यांनी वाफेचं स्नान आणि मालीश सुरू केलं. त्या मालीशीला तिकडे शाम्पूइंग म्हणू लागले. डोक्याचा साबण हा अर्थ मागाहून चिकटला. साबण नसलेला, आजच्या धर्तीचा शाम्पू अमेरिकेत 1930 च्या दशकात आला. आपल्याकडे तो खरा घराघरांत गेला तो ऐंशीच्या दशकात तमिळनाडूतून निघालेल्या पुडीमुळे. बाटली परवडत नव्हती, पुडी परवडली. शेंगेचं नाव दक्षिणेतून आलं, तिला उठवणारी पुडीही दक्षिणेतूनच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. खरा कोंडा असेल, खाज असेल, डोक्यावर पिवळसर खपल्या असतील, तर शिकेकाईवर विसंबू नका, आणि तेल तर आधी बंद करा. कोंड्यामागे मॅलासेझिया नावाची बुरशी असते. ती प्रत्येकाच्याच डोक्यावर राहते आणि तेलातल्या स्निग्धाम्लांवर जगते. 'डोकं कोरडं पडलंय, तेल जिरव' या सल्ल्यानं तिचीच पंगत होते. तिथे त्वचेच्या डॉक्टरांकडे जावं, आणि ते औषधी शाम्पू देतील तर तो मुकाट्यानं लावावा.

(पडद्यावर: पुन्हा पंचवटी. मोरीतला कोनाडा.)

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी कॅमेरा मोरीत लावताना कोनाड्यात हे दिसलं. एकाला एक जोडलेल्या सहा पुड्या. एक कापलेली.

"आत्याआजी, तू शाम्पू लावतेस?"

"मग काय करू? कोपर वर जात नाही. फडकं पिळवत नाही. काढा करीनही एक वेळ, पण पाणी कोण घालणार पाठीमागून?" तिला यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. उलट मलाच विचारलं, "तुला काय वाटलं, आम्ही हौसेनं दोन-दोन तास बसायचो?"

चौघींच्या मागे आई होती. आईच्या मागे तिची सासू असेल. माझ्या बाथरूममध्ये शॉवर आहे आणि मी एकटी आहे. त्या पिठल्याचं जे झालं ते यामुळे झालं. शेंगेचा दोष निम्माच.

वार कोणता होता ते बघितलंच नाही. घरात शेंगा होत्या, रात्री भिजत घातल्या. सकाळी गॅसवर उकळल्या, बंबाऐवजी गीझरचं पाणी घेतलं. आत्याआजी पाटावर बसू शकत नाही, म्हणून प्लॅस्टिकचं स्टूल. तिनं वेणी सोडली आणि मान पुढे घातली. मी पहिला तांब्या ओतला.

(आवाज: पाणी. बराच वेळ फक्त पाणी.)

"अगं, चोळ जरा. पोळी लाटतेस का?"

चोळलं.

"मानेमागे राहिलंय."

(पडद्यावर: दुसरा तांब्या. पाणी तपकिरी, मग फिकं, मग स्वच्छ.)