वाऱ्यावर विसंबलेली प्रिंगलिया

श्रोतेहो, नमस्कार.

कोकणच्या किनाऱ्यावरून जवळजवळ सरळ दक्षिणेला निघून, विषुववृत्त ओलांडून हिंदी महासागरातूनच पुढे जात राहिले, तर ४९ अंश दक्षिण अक्षांशाच्या आसपास कर्गेलेन हा ज्वालामुखीजन्य द्वीपसमूह लागतो. तिथे झाडे नाहीत, उन्हाळाही थंडच असतो आणि वारा वर्षभर क्वचितच पडतो. या बेटांवर आणि त्याच समुद्रातील क्रोझे, प्रिन्स एडवर्ड व हर्ड या बेटांवर प्रिंगलिया वाढते. जगात अन्यत्र कुठेही ती निसर्गतः आढळत नाही. मोहरी, मुळा आणि कोबी यांच्या कुलातील ही प्रजाती असून तिच्यात जाती एकच आहे.

१७७६ च्या नाताळात कॅप्टन जेम्स कुक यांची जहाजे कर्गेलेनला थांबली, तेव्हा विल्यम अँडरसन या जहाजावरील वैद्याने या वनस्पतीची नोंद केली. ताज्या भाजीपाल्यावाचून स्कर्व्हीने खंगणाऱ्या दर्यावर्दींना तिची पाने वरदान ठरली. पुढे भारतातील वनस्पतींचे सात खंडांत वर्णन सिद्ध करणारे जोसेफ हूकर १८४० मध्ये तिथे आले, तेव्हा त्यांच्या जहाजांवरही हीच भाजी शिजत होती.

मला मात्र तिच्या पानांपेक्षा तिच्या फुलांचे नवल अधिक वाटते. मोहरीचे शेत आठवा: पिवळ्या पाकळ्या, मध, त्यावर घोंगावणाऱ्या मधमाश्या. प्रिंगलियाच्या फुलांत मध नाही आणि पाकळ्या बहुधा नसतातच. एखाद्या फुलात एखाददुसरी दिसते, ती पूर्वजांची खूण म्हणून. परागकण नेण्याचे काम इथे वाऱ्याकडे आहे, म्हणून पुंकेसर फुलाबाहेर डोकावतात आणि किंजल्कावर परागकण झेलणारे लांब तंतू असतात. त्या वाऱ्यात उडणारा कीटक समुद्रात फेकला जाण्याचीच भीती अधिक, त्यामुळे तिथल्या अनेक कीटकांना पंख उरलेले नाहीत. प्रिंगलियाच्या पानांच्या आसऱ्याने राहणारी एक माशीसुद्धा बिनपंखी आहे. ज्या वाऱ्याने तिचे परागवाहक हिरावून घेतले, त्याच वाऱ्याला तिने परागवाहक केले, हे मला उत्क्रांतीतील एक अत्यंत देखणे उत्तर वाटते.

पाने कुरतडणारा एकही सस्तन प्राणी मात्र या बेटांवर कधी नव्हता. १८७४ मध्ये शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी आलेल्या ब्रिटिश मोहिमेने कर्गेलेनवर ससे सोडले आणि मुख्य बेटाच्या मोठ्या भागातून प्रिंगलिया पाहता पाहता नाहीशी झाली. ससे जिथे पोहोचले नाहीत, त्या लहान बेटांवर आणि कड्यांवर ती टिकली. १९९० च्या दशकात काही लहान बेटांवरून ससे हटवण्यात आले. तरीही तिचे पुनरागमन अपेक्षेइतके झालेले नाही, कारण तोवर तिथले उन्हाळे कोरडे होऊ लागले होते, आणि सततच्या ओलाव्यात घडलेल्या या वनस्पतीला कोरडी माती सोसवत नाही.