बांबोळीची रांग

[दृश्य: पहाट. दोडामार्गची बाजारपेठ. दुकानं बंद, कोपऱ्यावर एकच चहाची गाडी. मूळ आवाज राहू द्या.]

महाराष्ट्र-गोवा हद्दीवरच्या दोडामार्गात कुणाविषयी ‘तेका बांबोळेक नेल्यानी’ एवढं कानावर आलं, की ऐकणारा पुढचा प्रश्न विचारत नाही. दुखणं मोठं आहे, हे तेवढ्यात कळतं. ओरोसचं सिंधुदुर्ग जिल्ह्याचं रुग्णालय इथून लांब; गोव्यातलं बांबोळीचं मोठं सरकारी रुग्णालय मात्र जवळ. म्हणून पहिल्या गाडीला गर्दी असते ती बांबोळीला जाणाऱ्यांची.

[दृश्य: बसच्या आतून. बाईच्या मांडीवर पिशवी: जुने केसपेपर, एक्स-रेचं मोठं पाकीट, स्टीलचा डबा.]

वाटेत राज्याची हद्द लागते. बस थोडी हळू होते, एवढंच. खिडकीतून पाहिलं तर पलीकडेही तशीच काजूची झाडं, तशीच कौलारू घरं, अंगणात तशीच तुळस. डिचोलीची मुलगी दोडामार्गात दिलेली, दोडामार्गची सून म्हापशात माहेरपणाला आलेली. सोयरीक जुळवताना इथे कुणी राज्य विचारत नाही.

[दृश्य: पणजी, मांडवीकाठ. जुन्या गोमेकॉची इमारत. इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची रोषणाई, गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं रांगेत.]

ही रांग सिनेमाची आहे. पण या इमारतीला रांगेची सवय जुनी. पोर्तुगीज सरकारने १८४२ साली पणजीत वैद्यकशाळा काढली: एस्कोला मेदिको-सिरुर्जिका. पाश्चात्त्य वैद्यक शिकवणाऱ्या आशियातल्या सगळ्यात जुन्या संस्थांमध्ये तिचं नाव घेतात. इथे शिकलेले गोमंतकीय डॉक्टर पोर्तुगालच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत, मोझांबिकला आणि अंगोलाला गेले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, शाळेचं गोवा मेडिकल कॉलेज झालं आणि वर्तमानपत्रांनी त्याचं गोमेकॉ करून टाकलं. मग जागा पुरेना, आणि रुग्णालय बांबोळीच्या पठारावर गेलं. मागे राहिलेल्या वास्तूत २००४ पासून इफ्फी भरतो. या व्हरांड्यातून फिरताना कॅमेरा नकळत रेंगाळला. रेंगाळू दिला आहे.

[दृश्य: इमारतीसमोरचा रस्ता. दयानंद बांदोडकर मार्गाची पाटी.]

समोरच्या रस्त्याला भाऊसाहेब बांदोडकरांचं नाव आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, म्हणणारे ते मुख्यमंत्री. १६ जानेवारी १९६७ ला त्यावर जनमत कौल झाला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. दोन पानं जिंकली, चौतीस हजारांच्या फरकाने. आणि दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा याच मतदारांनी भाऊसाहेबांनाच पुन्हा सत्तेवर बसवलं. गोव्यातलं लोकमत एका वाक्यात सांगू पाहणाऱ्याने आधी ही दोन मतदानं शेजारी शेजारी ठेवावीत.

[दृश्य: बांबोळी. महामार्गावरून आत वळणाऱ्या गाड्या, १०८ रुग्णवाहिका. ओपीडीसमोरची रांग, लांबून.]

केसपेपरची खिडकी. नाव, वय, गाव. १ जानेवारी २०१८ पासून यातल्या तिसऱ्या उत्तराला किंमत आली. गोव्याबाहेरच्या रुग्णांकडून शुल्क घ्यायचं, असं गोवा सरकारने ठरवलं. कायद्याने त्यात वावगं काही नाही. रुग्णालयं आणि सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीतला सहावा विषय. ज्याचा खर्च, त्याचा निर्णय.

[दृश्य: दोडामार्ग. बाजारातला चौक, भिंतीवर विरत गेलेली घोषणा.]

त्या वर्षी दोडामार्गची माणसं रस्त्यावर उतरली. गावंच्या गावं आली. गोमेकॉत उपचार मोफत हवेत, ही मागणी होतीच. तिच्याबरोबर दुसरीही निघाली: जमत नसेल तर आमचा तालुकाच गोव्यात घ्या. १९६७ ला गोव्याने महाराष्ट्रात जायला नकार दिला. पन्नास वर्षांनी महाराष्ट्रातला एक तालुका गोव्यात यायला निघाला, तोही इस्पितळासाठी.

[दृश्य: तिळारीचं धरण, वरून. मग कालवा: पाणी, काठाला गवत, पलीकडे गोव्याची हद्द. हे दृश्य कापू नका, पूर्ण चालू द्या.]

दोडामार्गात शुल्काचा विषय काढला की बोलणं हटकून तिळारीवर येतं. धरण या तालुक्यातलं. त्याच्यासाठी गावं उठली ती इथलीच. पाण्याचा मोठा वाटा कालव्याने गोव्यात जातो, शेताला आणि नळाला. पाणी चालतं, पेशंट चालत नाही? चहाच्या गाडीवर हा प्रश्न कुणीही तुमच्यापुढे ठेवतो. त्यावर आम्हाला तरी झटकन उत्तर सुचलं नाही.

[दृश्य: म्हापसा बाजार, शुक्रवार.]

गोव्याचंही म्हणणं आहे. खाटा मोजक्या, करदाते इथले, आणि ट्रॉलीवर, जमिनीवर झोपवलेल्या रुग्णांच्या बातम्या इथे नव्या नाहीत. सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ मध्ये आली, तिनेही रेघ स्पष्ट ओढलेली: ५ वर्षांचं वास्तव्य असेल तर कार्ड, तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचं संरक्षण, मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं. बाजारात हे पटणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या ज्यांची बहीण किंवा लेक पलीकडे दिलेली, ते मात्र वाक्य अर्ध्यावर सोडतात.

पुढे दोन्ही सरकारांची बोलणी झाली. महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून पैसे भरायचा मार्ग निघू लागला, सिंधुदुर्गाला स्वतःचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. मधल्या काळात कुणी दागिना गहाण टाकला, कुणी उपचार पुढे ढकलले. वॉर्डात कॅमेरा नेता येत नाही.

[दृश्य: संध्याकाळ. रुग्णालयाच्या आवारात नातेवाइकांनी पसरलेल्या चटया. कुणी डबा उघडतं आहे. संगीत नको.]

सकाळच्या बसमधली बाई इथे आहे. तिचं माहेर डिचोली तालुक्यातलं, सासर दोडामार्गातलं. आत नवरा आहे. भाऊ डिचोलीहून जेवण घेऊन आला आहे. त्याच्या पाकिटात दीनदयाळचं कार्ड आहे, तिच्या पिशवीत महाराष्ट्राचं रेशनकार्ड. भाकरी दोघं एकाच डब्यातून खातात.

[दृश्य: आतून नाव पुकारलं जातं. ती हात पुसत उठते, पिशवी घेते. दार बंद होतं.]