गोचीड, उंदीर आणि जनुकांची साक्ष

[दृश्य: उंदराचा कान, अगदी जवळून]

कानाच्या कडेला खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलंय. गोचिडाचं पिल्लू आहे हे. पाय मोजा, सहाच भरतील. पोटभर रक्त पिऊन ते कात टाकेल तेव्हा आठ होतील. मग दुसरं जनावर, पुन्हा रक्त, पुन्हा कात. बऱ्याच जातींच्या गोचिडांचं बालपण असं उंदीर, चिचुंद्री, खारीच्या अंगावर जातं. मोठेपणी गुरं, कुत्री. मध्येच कधी माणूस.

ॲनाप्लाझ्मा नावाच्या जिवाणूचं सगळं गणित या फेऱ्यावर बसलंय. गोचिडाच्या मादीकडून तो सहसा अंड्यांत उतरत नाही. दर पिढीला तो रक्तातूनच मिळतो. म्हणजे हा जिवाणू समजून घ्यायचा तर आधी उंदीर धरायला हवा.

[दृश्य: परळ, हाफकिन संस्थेची जुनी इमारत]

उंदीर आणि रोगाचं नातं मुंबईने फार मोठी किंमत मोजून पाहिलंय. १८९६ साली मांडवीत प्लेग शिरला. १८९७ च्या जानेवारीत वाल्देमार हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. प्लेगचा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवता येत होता, म्हणून ती लस झाली. ॲनाप्लाझ्मा आणि गोचिडांतूनच पसरणारा दुसरा जिवाणू, रिकेट्सिया, हे मात्र जिवंत पेशीच्या आतच वाढतात. नुसत्या सूक्ष्मदर्शकाने त्यांच्या जाती वेगळ्या सांगणं कठीण.

[दृश्य: प्रयोगशाळा, पीसीआर यंत्र]

म्हणून उंदराच्या प्लीहेचा कणभर तुकडा घेतात, त्यातला डीएनए वेगळा करतात आणि पीसीआर या पद्धतीने जिवाणूच्या हव्या त्या जनुकाच्या असंख्य प्रती काढतात, म्हणजे ते अक्षर-अक्षर वाचता येतं. पहिला मान १६एस जनुकाचा: साधारण १५०० अक्षरं, कूळ सांगायला पुरेशी. रिकेट्सियाच्या जातींत मात्र ती जवळजवळ सारखीच असतात. तिथे जीएलटीए, ओएमपीए अशी दुसरी जनुकं वाचावी लागतात.

या वाचनाने जुनी वर्गवारी पार ढवळून निघाली. मेंढ्यांच्या तापाचा जिवाणू एक, घोड्यांच्या तापाचा दुसरा, माणसाच्या तापाचा तिसरा, असं मानत. २००१ साली ठरलं, तिन्ही एकच: ॲनाप्लाझ्मा फॅगोसायटोफिलम.

मला त्याहून मोलाची वाटते ती २००४ ची गोष्ट. जपानी संशोधकांना रानटी उंदरांत एक अनोळखी जिवाणू सापडला. मिकुरा बेटावरून त्याला निओएर्लिकिया मिकुरेन्सिस म्हटलं. २०१० मध्ये युरोपातल्या काही तापाच्या रुग्णांच्या रक्तात जिवाणूचा डीएनए मिळाला. जुळवून पाहिलं तर तो हाच. उंदरातल्या जिवाणूचं जनुक आधी वाचून ठेवलं होतं, म्हणून रुग्णाचं निदान झालं.

[दृश्य: बोरिवली, जंगलाच्या कडेची वस्ती]

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला मुंबईची वस्ती अगदी खेटून आहे. बिबट्या आला की बातमी होते. घुशी, मुंगूस, भटकी कुत्री रोज ये-जा करतात, त्यांची होत नाही. पावसाळ्यात ताप आला की मलेरिया, डेंग्यू, लेप्टो तपासतात, ते बरोबरच. पण गोचिडांमुळे होणारा रिकेट्सियाचा तापही भारतात आहे. त्यात पुरळ तळहातांवर, तळपायांवरही उठतं, आणि डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळालं तर रुग्ण बरा होतो.

[दृश्य: रात्र, बाजारातली गल्ली]

महापालिकेचे मूषक संहारक बॅटरी आणि काठी घेऊन रात्री उंदीर मारत फिरतात. त्याच उंदरांच्या प्लीहेचे तुकडे बर्फात जपले आणि १६एसपासून वाचायला घेतले, तर कुठल्या वॉर्डात कोणता जिवाणू फिरतोय याची नोंद तयार होईल. तापाने फणफणलेला रुग्ण समोर आला की डॉक्टरांना ती उघडून बघता येईल.