विल्मिंग्टनचा पूल

(पडद्यावर: मेरीलँड ते फिलाडेल्फिया, नकाशा)

अमेरिकेच्या दक्षिणेतून पळालेल्या गुलामांना लपतछपत उत्तरेला पोचवणारी गुप्त साखळी. नाव 'अंडरग्राउंड रेलरोड', म्हणजे भुयारी रेल्वे, पण सगळा कारभार माणसांवर चालायचा. बहुतेकांना पुढच्या घराचाच काय तो पत्ता ठाऊक असे; पकडलं गेलं तरी सगळी साखळी फुटू नये म्हणून.

हॅरिएट टबमन 1849 मध्ये मेरीलँड राज्यातल्या गुलामीतून स्वतः निसटल्या. मग सुमारे 13 वेळा मागे गेल्या आणि 70च्या आसपास माणसं बाहेर काढली. फेरी शक्यतो हिवाळ्यात, कारण रात्री मोठ्या. निघायचं शनिवारी रात्री. रविवारी कामाला सुट्टी, त्यामुळे कोण गायब आहे ते उशिरा कळे आणि जाहिरात सोमवारच्या आधी छापून येत नसे. तान्ह्या बाळांना अफूचा अर्क देऊन झोपवत. प्रमाण चुकलं तर बाळाच्या जिवावर बेतणार, पण रडण्याचा आवाज सगळ्यांच्याच जिवावर. टबमन यांच्याजवळच्या पिस्तुलाचा धाक वाटेतून माघारी फिरू पाहणाऱ्यालाही असे. तो परत गेला तर मार खाऊन सगळी घरं सांगणार, हे उघड होतं.

रान तुडवता येतं. अडतं ते नदीशी, कारण पुलावर पहारा बसवणं सोपं.

नोव्हेंबर 1856. टबमन यांच्यासोबत जो बेली, त्याचा भाऊ बिल, पीटर पेनिंग्टन आणि एलायझा मॅनोकी. एकट्या जोवर 1500 डॉलरचं बक्षीस. फिलाडेल्फियाच्या वाटेवरच्या विल्मिंग्टन गावाच्या वेशीशी आले, तर पुलावर पोलीस. गावात लोखंडाचे व्यापारी थॉमस गॅरेट होते, गुलामीला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे. त्यांनी दोन गाड्या भरून गवंडी पुलावरून पलीकडे धाडले. गाणी, आरडाओरडा, जणू मंडळी सहलीलाच निघालीत. पहारेकऱ्यांनी ही वरात डोळे भरून पाहिली. अंधार पडल्यावर तोच गोंगाट परत आला. सकाळचीच माणसं, म्हणून तपासणी झाली नाही. गाडीच्या तळाशी हे पाच जण पडून होते.

(पडद्यावर: हस्तलिखित नोंदवही)

फिलाडेल्फियात याच साखळीतले विल्यम स्टिल येणाऱ्या प्रत्येकाची नोंद करत: जुनं नाव, नवं नाव, मालक, मागे राहिलेले नातलग. गुप्त कामात लेखी पुरावा ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ. पण ताटातूट झालेली कुटुंबं एरवी एकमेकांना कशी शोधणार? 1850 मध्ये अशाच चौकशीत समोर बसलेला अनोळखी माणूस त्यांचा सख्खा भाऊ पीटर निघाला.

त्याच वर्षीच्या कायद्याने उत्तरेतला आसराही कच्चा केला. फरार गुलामाला मालकाच्या हवाली केलं तर निवाडा करणाऱ्या सरकारी आयुक्ताला 10 डॉलर, सोडलं तर 5. मदत करणाऱ्याला 1000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद.

विल्मिंग्टनहून सुटलेली मंडळी पुढे न्यूयॉर्कला पोचली, तेव्हा तिथल्या गुलामीविरोधी कचेरीत ऑलिव्हर जॉन्सन यांनी जो बेलीला जाहिरातीतल्या वर्णनावरून ओळखलं. ते आपल्याच बाजूचे होते, तरी जोचा धीर खचला. यांनी ओळखलं तर कोणीही ओळखेल. तिथून नायगाराच्या झुलत्या पुलापर्यंत तो गाडीत गप्प होता. पलीकडे कॅनडा, ब्रिटिश मुलूख. तिथे गुलामी 1834 मध्येच बंद झाली होती, त्यामुळे मेरीलँडच्या मालकाचा दावा चालत नव्हता.