पार्सनिपचे तुकडे आणि कारखान्यातील टाकी

संयोजकांनी आजच्या विषयात पर्यावरणीय आणि औद्योगिक द्रायूयांत्रिकी, म्हणजे द्रव आणि वायूंच्या प्रवाहांचे शास्त्र, एकत्र मांडली, याचे मला मनापासून समाधान वाटते, कारण संशोधनाच्या व्यवहारात या दोघींची भेट क्वचितच होते. समुद्रात सोडलेल्या सांडपाण्याचे मिसळणे आणि कारखान्याच्या टाकीतील रसायनांचे मिसळणे एकाच मांडणीतून अभ्यासावे, असा प्रस्ताव मी पूर्वी दिला होता. पर्यावरणाच्या समितीने तो ‘औद्योगिक स्वरूपाचा’ म्हणून परत केला आणि उद्योगाच्या समितीने ‘पर्यावरणविषयक’ म्हणून. प्रस्ताव वाईट आहे असे मात्र कोणीच म्हटले नाही, त्यामुळे तो सुधारण्याची संधीही मला मिळाली नाही. (हशा.) दोन्हीकडे मिसळण्याचा नियम एकच आहे, एवढेच मला आज दाखवायचे आहे. तो नियम समुद्रात कसा पडताळला गेला, हे मात्र आधी सांगितले पाहिजे.

ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन आणि अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ हेन्री स्टॉमेल यांनी 1948 साली एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याची सुरुवातच अशी आहे की, पार्सनिपच्या दोन तरंगत्या तुकड्यांची परस्परसापेक्ष हालचाल आम्ही पाहिली. पार्सनिप हे गाजरासारखे, पण फिकट रंगाचे कंदमूळ. स्कॉटलंडमधील लॉक लाँग या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यावरील धक्क्यावरून दोघे या तुकड्यांच्या जोड्या पाण्यात टाकत, त्यांच्यातील अंतर मोजत आणि थोड्या वेळाने ते पुन्हा मोजत. पार्सनिपच का, तर ते पाण्यात सहज दिसते आणि जवळजवळ पूर्ण बुडून तरंगते, म्हणजे त्याला वाहून नेते ते पाणी, वारा नव्हे. उपकरणांच्या खरेदीसाठी मंजुरीची वाट पाहणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनी या निवडीचा अवश्य विचार करावा. रिचर्डसन हे क्वेकर पंथाचे, युद्धाचे कट्टर विरोधक. ब्रिटिश हवामान खाते 1920 साली हवाई मंत्रालयाच्या अखत्यारीत गेले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली. संगणक नसताना हवामानाचे अंकगणिती भाकीत हाताने करून पाहणारे गृहस्थ तेच. त्यांचे भाकीत पार चुकले, पण पद्धत आज जगभर वापरली जाते. असो, मी विषयाकडे येतो.

स्थिर पाण्यात रंगाचा थेंब केवळ रेणूंच्या हालचालीवर सोडला, तर त्याला दहा सेंटिमीटर पसरायला काही महिने लागतात. प्रत्यक्षात पाणी भोवऱ्यांनी ढवळले जाते, आणि जुनी समजूत अशी होती की रेणूंच्या विसरण गुणांकाऐवजी, म्हणजे पदार्थ किती झपाट्याने पसरतो हे सांगणाऱ्या आकड्याऐवजी, भोवऱ्यांचा एक मोठा गुणांक घातला की काम भागते. रिचर्डसन यांनी 1926 साली रेणूंपासून चक्रीवादळांपर्यंतची मापे एकत्र ठेवून दाखवले की असा एकच गुणांक नसतो. दोन कणांमधील अंतराच्या चार-तृतीयांश घाताने तो वाढतो. अंतर आठपट झाले तर गुणांक सोळापट. कारण असे की, जोडीपेक्षा फार मोठा भोवरा दोन्ही कणांना एकत्रच वाहून नेतो, फार लहान भोवरा त्यांना जागच्या जागी हलवतो, आणि जोडीच्या अंतराएवढाच भोवरा त्यांना खरा दूर सारतो. कण जसजसे दूर जातात तसतसे अधिक मोठे भोवरे या कामात उतरतात. लॉक लाँगमधील मापे या नियमाच्या जवळ आली. दरम्यान 1941 साली कोल्मोगोरोव्ह आणि ओबुखोव्ह या रशियन शास्त्रज्ञांनी मोठ्या भोवऱ्यांकडून लहानांकडे झिरपणाऱ्या ऊर्जेच्या विचारातून त्याला सैद्धांतिक पाया दिला होता.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. त्यामुळे ज्या टाकीसाठी आपण जमलो, तिला आता काही मिनिटेच उरली आहेत.

प्रयोगशाळेतील टाकी प्रत्येक मापात दहापट वाढवली, म्हणजे घनफळ हजारपट झाले, आणि दर लिटरमागे इंपेलरची, म्हणजे ढवळणाऱ्या फिरत्या पात्यांची, शक्ती तेवढीच ठेवली, असे समजू. प्रवाह प्रक्षुब्ध, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेला, असेल तर मिसळण्याचा काळ मापाच्या दोन-तृतीयांश घाताने, म्हणजे सुमारे साडेचारपट वाढतो. हा दोन-तृतीयांश पार्सनिपच्या हिशोबातूनच येतो: पसरण्याचा काळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले गुणांक, आणि अंतराच्या वर्गाला चार-तृतीयांश घाताच्या गुणांकाने भागले की तेवढेच उरते. काळ पूर्वीइतकाच हवा असेल, तर दर लिटरमागे शंभरपट शक्ती लागेल, आणि ती कोणताही कारखाना देणार नाही. म्हणून चंचुपात्रात स्वच्छ होणारी जलद अभिक्रिया मोठ्या टाकीत नको ती उपउत्पादने देऊ लागते, तेव्हा दोष रसायनशास्त्राला देण्यापूर्वी हा काळ मोजावा.

नियमाला मर्यादा आहेत. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या भोवऱ्यांच्या मधल्या पट्ट्यातच तो चालतो. वर उबदार आणि खाली थंड असे थर पडले, की उभे भोवरे दबतात आणि धुराड्याचा धूर आडवाच पसरत जातो. टाकीत तर सगळीकडे ढवळणे सारखे नसते: इंपेलरजवळ ऊर्जेचा ऱ्हास सरासरीच्या कित्येक पट असतो, पृष्ठभागाजवळ फारच कमी. त्यामुळे जलद अभिक्रियेचा घटक झाकणाजवळून ओतण्याऐवजी त्याची नळी इंपेलरच्या तोंडाशी नेणे, हा शक्ती न वाढवता करता येण्याजोगा पहिला बदल आहे.