फवारणीचे दिवस आणि ॲट्रोपिन

श्रोतेहो, नमस्कार. ऑक्टोबर छाटणी उरकली की तासगाव-पलूस पट्ट्यात द्राक्षबागांवर ब्लोअर फिरायला लागतात, आणि अंगावर नाहीतर पोटात औषध गेलेला एखादा पेशंट आमच्याकडे येतोच. तोंडाला फेस, घामाच्या धारा, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, छातीत घरघर.

परानुकंपी, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आपोआप चालणारे काही मज्जातंतू लाळ सोडतात, आतडी हलवतात, हृदयाचे ठोके मंद करतात, ते ॲसिटिलकोलीन या रसायनातून. घामाच्या ग्रंथींनाही हेच लागतं. काम झालं की एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते तोडून टाकतं. फॉस्फरसयुक्त कीटकनाशक नेमकं त्या विकरालाच निकामी करतं. पाटाला पाणी सुटलंय आणि दार बंद करायला पाटकरीच नाही, अशी गत. यावर आम्ही देतो ते औषध म्हणजे ॲट्रोपिन. ते पाणी आटवत नाही, फक्त वाफ्यांची तोंडं बांधतं, म्हणजे ॲसिटिलकोलीनचा परिणाम होऊ देत नाही.

किती द्यायचं? छाती कोरडी होईपर्यंत. दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करत जातात. कधीकधी ते जास्त होतं, मग पेशंट बडबडतो, चादर ओढतो, हवेत काहीतरी पकडू बघतो. नातेवाईक घाबरतात, "डॉक्टर, ह्याला येड लागलं की!" औषध थोडा वेळ थांबवलं की हे उतरतं. स्नायूंची कमजोरी मात्र ॲट्रोपिनने जात नाही, म्हणून व्हेंटिलेटर लागू शकतो. घरी मिठाचं पाणी पाजत बसू नका. हातमोजे घालून कपडे काढा, अंग साबणाने धुवा, बाटली सोबत आणा. लेबलावरचं नाव आम्हाला फार उपयोगी पडतं.

हेच ॲट्रोपिन धोत्र्यातही असतं. धोत्र्याचं बी खाल्लेलं पोर अगदी उलटं दिसतं: बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, अंग तापलेलं.

ॲट्रोपिनच्या भाऊबंदांशी तुमची ओळख आहेच. डोळे तपासताना घालतात ते ट्रॉपिकामाइडचे थेंब, दम्याच्या पंपातलं इप्राट्रोपियम, कंपवातावरची ट्रायहेक्सिफेनिडिल, पोटातल्या कळेवरची डायसायक्लोमिन. ही शेवटची लोक मेडिकलमधून परस्पर आणतात, आणि माझी खरी तक्रार तिथंच आहे. घरातल्या आबांची प्रोस्टेट वाढलेली असेल, तर या एका गोळीने लघवी अडकून रात्री नळी घालायची वेळ येऊ शकते. काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातला दाब एकदम चढतो. आबांसाठी गोळी मागताना हे दोन्ही आजार दुकानदाराला आधी सांगा.