नायगाराला जाताय? मग गोट आयलंडवर जरा चाला

नमस्कार श्रोतेहो! उन्हाळा आला की इकडे न्यू जर्सीत आपल्या मराठी घरांमधे एक कार्यक्रम ठरलेलाच असतो, भारतातून कुणाचे तरी आई-बाबा नाहीतर सासू-सासरे आलेले असतात, मग एखादा लाँग वीकेंड बघायचा, गाडीत थालीपीठं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी भरायची आणि सहा-सात तास ड्राइव्ह करून नायगारा गाठायचा. दुपारी पोचलं की बोटीची लाइन, निळा रेनकोट, फोटो, रात्रीचं लायटिंग आणि सकाळी परत. मला आज अगदी मनापासून सांगायचंय की एवढ्यावर निघू नका. तिथे आपण फुकटात ज्या रेलिंगला टेकून उभे राहतो ना, ती जागा लोकांनी भांडून मिळवलेली आहे, आणि ते एकदा कळलं की तिथून पाय निघत नाही.

बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही की अमेरिकेच्या बाजूला आपण उभे असतो ते न्यूयॉर्क राज्याचं स्टेट पार्क आहे, आणि तेही अमेरिकेतलं सगळ्यात जुनं, 15 जुलै 1885 ला लोकांसाठी खुलं झालेलं. त्याआधी काय होतं? काठावरची सगळी जमीन खासगी मालकांची, जिकडे तिकडे कुंपणं, फाटकं आणि पैसे मोजल्याशिवाय धबधबा नजरेला पडायचा नाही अशी परिस्थिती! पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या गिरण्या अगदी काठापर्यंत आलेल्या. आता गोट आयलंडला जाताना मधे ग्रीन आयलंड म्हणून छोटंसं हिरवंगार बेट लागतं, तिथे तेव्हा चक्क कागदाचा कारखाना होता.

मग 1869 च्या सुमारास काही माणसं उठली. त्यात फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड होते, म्हणजे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क ज्यांनी कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांच्याबरोबर आखलं ते, आणि फ्रेडरिक चर्च हे चित्रकार होते ज्यांनी नायगाराचं प्रचंड मोठं चित्र काढलेलं. यांचं म्हणणं एकच, की हा धबधबा कुणाच्या मालकीचा असू शकत नाही, तो सगळ्यांना मोफत बघता आला पाहिजे. फ्री नायगारा असं नावच पडलं त्या चळवळीला. सह्यांचे अर्ज, पेपरात लेख, आमदारांच्या मागे लागणं, असं दीड दशक चाललं बघा, 1883 मधे जमीन निवडायचा कायदा झाला, त्यावर सही करणारे गव्हर्नर ग्रोव्हर क्लीव्हलँड पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, आणि 1885 मधे राज्याने साधारण 14 लाख 33 हजार डॉलर मोजून सुमारे 412 एकर विकत घेतले, त्यातला बराचसा भाग तर पाण्याखालचा, नदीचं पात्रच. इमारती पाडल्या, कुंपणं काढली. आजही पार्कात शिरायला तिकीट नाही. पार्किंगचे पैसे पडतात, बोटीचे, टॉवरचे, लिफ्टचे पडतात, पण चालत आलात तर धबधबा बघायला एक सेंट लागत नाही, बारा महिने चोवीस तास. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

आता गोट आयलंड. हे बेट धबधब्याच्या बरोबर मधे आहे, एका बाजूला अमेरिकन फॉल्स आणि त्याला लागून बारीकसा ब्रायडल व्हेल, दुसऱ्या बाजूला कॅनडाला जोडलेला तो घोड्याच्या नालेसारखा हॉर्सशू. पोर्टर नावाच्या कुटुंबाने 1816 मधे हे बेट घेतलं आणि झाडं तशीच राखली, म्हणून ते कारखान्यांच्या तावडीतून सुटलं. पुढे 1887 मधे ओल्मस्टेड आणि व्हॉक्सनी पार्कचा आराखडा दिला त्यात त्यांचा आग्रह होता की इथे शोभेच्या बागा आणि सजावट नको, झाडीतून पायवाटा काढा, माणसाला चालू द्या, थांबू द्या. म्हणून म्हणते, तिथे चाला. बेटाच्या वरच्या अंगाला थ्री सिस्टर्स आयलंड्स आहेत, व्हिटनी नावाच्या गृहस्थांच्या तीन मुलींवरून नाव पडलंय, छोटे पूल ओलांडत तिसऱ्या बेटावर जायचं. समोर फक्त पाणी, रुंदच्या रुंद, खडकांवरून उसळत आपल्याच दिशेने येणारं, धबधबा अजून दिसतच नाही पण पुढे काय होणार आहे ते त्या पाण्याच्या वेगावरून कळतं. माझ्या मते सगळ्या नायगारात यासारखी जागा नाही, आणि बसने आलेले बहुतेक लोक इथे येतच नाहीत. फक्त मुलांचा हात घट्ट धरा आणि पाण्यात पाय बुडवायचा मोह अजिबात नको, तिथे ओढ भयंकर आहे.

आणि हे पाणी, तेही जसं येतं तसं सगळं आपल्याला दिसत नाही हं. एरी सरोवरातून ऑन्टॅरिओ सरोवराकडे जाणारी ही नदी, तिचं निम्म्याच्या आसपास पाणी वरच्या वर बोगद्यांतून वीज करायला जातं. 1950 मधे अमेरिका आणि कॅनडाने करार केला, की 1 एप्रिलपासून ऑक्टोबर संपेपर्यंत दिवसा धबधब्यावर सेकंदाला कमीत कमी 1 लाख घनफूट पाणी सोडायचंच, म्हणजे साधारण 28 लाख लिटर, आणि रात्री व हिवाळ्यात निम्मं चालेल. आपल्यापैकी ज्यांनी जोग बघितलाय त्यांना लिंगनमक्की धरण झाल्यावर तिथे काय झालं ते माहितीय, पावसाळा सरला की धारा बारीक. इथे विजेची गरज तेवढीच होती, 1896 मधे नायगाराची वीज बफेलो शहरात पोचली होती, विजेचे संशोधक निकोला टेस्ला यांचा पुतळा गोट आयलंडवर आहे तो त्यासाठीच, पण तरी बघणाऱ्याच्या वाट्याचं पाणी कागदावर आकड्यात लिहून ठेवलं.

पाणी कमी सोडल्याचा अजून एक परिणाम झाला. वरचा खडक कठीण आणि खालचा मऊ, मऊ खडक झिजतो, वरचा अधांतरी राहून कोसळतो, असं करत करत धबधबा साधारण 12 हजार वर्षांत 11 किलोमीटर मागे सरकलाय. आता ही झीज बरीच मंदावली आहे. 1954 मधे मात्र प्रॉस्पेक्ट पॉइंटचा मोठा कडा कोसळला, मग 1969 च्या उन्हाळ्यात लष्कराच्या इंजिनियर्सनी बांध घालून अमेरिकन फॉल्स पाच-सहा महिने पूर्ण कोरडा केला, पायथ्याचे ते खडकांचे ढीग काढावेत का हे बघायला. खूप अभ्यास झाला आणि शेवटी ठरलं की राहू द्या. मला हा निर्णय फार आवडतो, आज बोटीतून जे खडक दिसतात ते त्यामुळेच आहेत तिथे.

बोटीबद्दल जास्त सांगत नाही, मेड ऑफ द मिस्ट सगळ्यांना माहितीय, 1846 पासून चालू आहे आणि 2020 पासून विजेवर चालते, त्यामुळे डिझेलचा वास गेला. केव्ह ऑफ द विंड्स मात्र चुकवू नका, लिफ्टने खाली उतरून लाकडी जिन्यांवरून ब्रायडल व्हेलच्या 20 फुटांवर जाता येतं, हे जिने दर शरद ऋतूत काढतात आणि वसंतात पुन्हा बांधतात कारण हिवाळ्यात बर्फाने त्यांचा चुराडा होईल. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांना ते जमणार नाही, पण त्यांच्यासाठी पार्कात ट्रॉली फिरते, जागोजागी बाकं आहेत. हॉर्सशूच्या अगदी कडेला, टेरापिन पॉइंटला, व्हीलचेअर जाते.

आई-बाबांकडे कॅनडाचा व्हिसा नसतो, मग "खरं दृश्य तर पलीकडूनच" असं कुणीतरी म्हणतं आणि त्यांचा चेहरा उतरतो. पलीकडून अख्खा देखावा समोरून दिसतो हे बरोबर आहे, पण पाणी जिथून सुटतं त्या कडेशी हाताच्या अंतरावर उभं राहायला अमेरिकेचीच बाजू, हे त्यांना आवर्जून सांगा.

आणि वेळ. सकाळी साडेसहा-सातला निघा, तेव्हा गर्दी नसते, थ्री सिस्टर्सपर्यंत निवांत चालून या, डबा तिथेच बाकावर खा. करारातली दिवसाची वेळ सुरू होते आठला, तेव्हा आठ वाजून गेले की टेरापिन पॉइंटला या, पाणी पूर्ण आलेलं असेल आणि सूर्य पाठीशी असेल, म्हणजे ऊन असलं तर तुषारांत इंद्रधनुष्य दिसणारच. जाऊन आलात की आपल्या कार्यक्रमाला फोन करून सांगा, आई-बाबांना काय आवडलं ते.